पालट कोणाचा? : पक्षीय फेरजुळणीच्या अमेरिकन उपपत्तीची मराठवाड्याच्या संदर्भात चिकित्सा

१

पक्षीय राजकारणावरील लेखनात 'फेरजुळणी' हा शब्द आता आपल्याकडे चांगलाच रुळला आहे. जून २०२२ मध्ये शिवसेनेत व जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस पक्षात फूट पडली, तेव्हापासून तर महाराष्ट्राच्या राजकारणाची 'मूलगामी फेरजुळणी' झाली, हे विधान जणू स्वयंसिद्ध म्हणून मांडले जाते. हा शब्द इंग्रजी 'रिअलाइनमेंट'चा प्रतिशब्द होय. ती संज्ञा अमेरिकेतील पक्षपद्धतीच्या अभ्यासातून निघाली आणि तिच्यामागे एक निश्चित उपपत्ती उभी आहे. संज्ञा उचलताना उपपत्ती मागे राहिली, म्हणजे शब्द तोच राहतो. परंतु तो ज्या वस्तूस लागतो ती वस्तू नकळत बदलते. आपल्याकडे नेमके हेच घडले आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

फेरजुळणी झाली असे म्हणताना ती कोणाची झाली, हा पहिला प्रश्न आहे. मतदारांची, पुढाऱ्यांची, का पक्षांच्या नावांची? अमेरिकन उपपत्ती मुख्यत्वे मतदारांविषयी बोलते. आपण मात्र तिची संज्ञा पुढाऱ्यांच्या हालचालींस लावतो आणि त्यावरून मतदारांविषयी निष्कर्ष काढतो. ह्या संक्रमणातील दोष दाखविणे आणि त्याऐवजी अधिक काटेकोर अशी शब्दयोजना सुचविणे, हा ह्या लेखाचा हेतू आहे. राज्यशास्त्राच्या क्षेत्रात भाषाशास्त्राच्या अध्यापकाने पाऊल टाकावे, ह्याचे समर्थन इतकेच की प्रश्न मुळात नाम आणि नामी ह्यांच्या संबंधाचा आहे.

उदाहरण म्हणून २०२३ पर्यंत उस्मानाबाद ह्या नावाने ओळखला गेलेला धाराशिव जिल्हा घेतला आहे. आणि त्यातही सोलापूर-हैदराबाद मार्गावर नळदुर्गच्या पुढे असलेले तुळजापूर तालुक्यातील जळकोट हे गाव ज्या मतदारसंघांत मोडते, त्यांवर भर दिला आहे. लोकसभेसाठी हे गाव उस्मानाबाद मतदारसंघात व विधानसभेसाठी तुळजापूर मतदारसंघात येते.

२

प्रथम मूळ उपपत्ती पाहू. व्ही. ओ. की ह्या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये निर्णायक निवडणुकांविषयीचा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यात न्यू इंग्लंडमधील गावांचे व नगरांचे आकडे तपासले आहेत. मॅसॅच्युसेट्समधील सॉमरव्हिल हे औद्योगिक व कॅथलिक वस्तीचे नगर आणि अ‍ॅशफील्ड हे ग्रामीण व प्रॉटेस्टंट गाव १९२८ च्या निवडणुकीत परस्परविरुद्ध दिशांना सरकले, आणि तो दुरावा पुढील अनेक निवडणुकांत टिकून राहिला, असे त्यांनी दाखविले. त्या वर्षी डेमोक्रॅटिक उमेदवार अल स्मिथ देशभरात पराभूत झाला होता, ही गोष्ट विशेष ध्यानात घेतली पाहिजे. सत्तांतर झाले नसतानाही मतदारांच्या फळ्या बदलल्या होत्या. निवडणूक निर्णायक ठरण्यासाठी प्रा. की ह्यांनी ज्या कसोट्या मानल्या त्यांत तीन मुख्य आहेत : मतदारांचा सहभाग व आस्था तीव्र असावी, मतदारवर्गातील जुनी विभागणी ठळकपणे मोडावी, आणि नवी विभागणी पुढील अनेक निवडणुकांत टिकावी.

पुढे १९५९ मध्ये त्यांनीच हळूहळू, पिढ्यांच्या ओघात होणाऱ्या फेरजुळणीचा विचार मांडला. शॅटश्नायडर ह्यांनी १९६० मध्ये आणि वॉल्टर डीन बर्नहॅम ह्यांनी १९७० मध्ये ह्या कल्पनेस व्यापक इतिहासाचे रूप दिले. १८००, १८२८, १८६०, १८९६ आणि १९३२ ही वर्षे म्हणजे अमेरिकेच्या पक्षेतिहासातील पर्वांच्या सीमारेषा होत, आणि सुमारे एका पिढीच्या अंतराने अशी उलथापालथ होते, असा सिद्धांत त्यातून तयार झाला. डेव्हिड मेह्यू ह्यांनी २००२ मध्ये ह्या सिद्धांताची विधाने सुटी करून एकेक पुराव्याला लावली आणि ठराविक कालांतराची कल्पना पुराव्यावर उभी राहत नाही, असा निर्वाळा दिला. निवडणुका पुष्कळदा तात्कालिक प्रसंगांवर, उमेदवारांवर व चुकांवर फिरतात, हे त्यांचे म्हणणे आज बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे.

तथापि मेह्यू ह्यांच्या टीकेनंतरही उपपत्तीचा एक गाभा शाबूत राहतो, आणि आपल्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. तो गाभा असा की, अमेरिकेत पक्षांची नावे स्थिर आहेत आणि मतदार त्या नावांखालून ये-जा करतात. रिपब्लिकन पक्ष १८५४ मध्ये स्थापन झाला. डेमोक्रॅटिक पक्षाचे नाव त्याहून जुने आहे. १८६० मध्ये लिंकनचा असलेला पक्ष आणि १९६४ मध्ये नागरी हक्कांच्या कायद्यास विरोध करणाऱ्या गोल्डवॉटरला उमेदवारी देणारा पक्ष ह्यांचे नाव एकच आहे. परंतु त्याखालील माणसे एक नाहीत. यादवी युद्धानंतर जो दक्षिण भाग पिढ्यान्‌पिढ्या डेमोक्रॅटिक राहिला, त्याच भागातील पाच राज्ये १९६४ मध्ये गोल्डवॉटरने जिंकली. साउथ कॅरोलायनाचे सिनेटर स्ट्रॉम थर्मंड ह्यांनी त्याच वर्षी पक्ष बदलला. परंतु राज्यांतील स्थानिक पदे आणि प्रतिनिधिगृहातील जागा ह्यांवर डेमोक्रॅटिक नाव पुढे बराच काळ टिकले. दक्षिणेतील प्रतिनिधिगृहाच्या बहुसंख्य जागा रिपब्लिकन पक्षास मिळावयास १९९४ साल उजाडावे लागले. सारांश, तेथे मतदार आधी हलला आणि नावे मागाहून जुळली.

३

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापुराकडून निघालेली भारतीय फौज नळदुर्ग घेऊन जळकोटमार्गे उमरग्याकडे गेली आणि चार-पाच दिवसांत हैदराबाद संस्थानाची निजामी राजवट संपली. त्यानंतरच्या बारा वर्षांत ह्या मार्गावरील गावांनी तीन राज्ये पाहिली : हैदराबाद, १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई आणि १९६० पासून महाराष्ट्र. राज्याचे नाव दोनदा बदलले. परंतु लोकसभेच्या उस्मानाबाद मतदारसंघात १९५२ पासून १९९१ पर्यंत प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसचाच उमेदवार निवडून आला. आणीबाणीनंतरच्या १९७७ च्या लाटेतही ह्या नियमास अपवाद झाला नाही.

ह्याचा अर्थ येथे राजकीय स्पर्धा नव्हती असा मात्र नाही. शेतकरी कामगार पक्ष हा ह्या भागातील खराखुरा विरोधी पक्ष होता आणि उस्मानाबादचे भाई उद्धवराव पाटील हे त्याचे राज्यपातळीवरचे नेते होते. पण शेकापची उत्पत्ती ध्यानात घेण्यासारखी आहे. केशवराव जेधे व शंकरराव मोरे ह्यांच्या पुढाकाराने १९४७-४८ मध्ये तो काँग्रेसमधूनच बाहेर पडला, आणि हे दोघेही पुढे काँग्रेसमध्ये परतले. यशवंतराव चव्हाणांच्या 'बेरजेच्या राजकारणा'चा अर्थ हाच होता की, ज्यांनी वेगळे नाव घेतले त्यांना पुन्हा जुन्या नावाखाली आणावे. रजनी कोठारी ह्यांनी १९६४ मध्ये काँग्रेसला 'पद्धती' म्हटले, ते ह्याच अर्थाने. खरी स्पर्धा पक्षापक्षांत नसून पक्षांतर्गत गटांत होती. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या, सहकारी साखर कारखाने उभे राहिले, आणि ह्या गटांना स्थायी घरे मिळाली. वि. म. सिरसीकर ह्यांनी ग्रामीण अभिजनांचा व मेरी कॅरस ह्यांनी जिल्हा परिषदांतील गटांचा जो अभ्यास केला, त्याचे महत्त्व ह्यासाठीच आहे.

अशा राजकारणाचे वर्णन करण्यास प्रा. की ह्यांचा १९५५ चा निबंध उपयोगी पडत नाही. त्यांचाच १९४९ चा ग्रंथ उपयोगी पडतो. अमेरिकेच्या दक्षिणेतील राजकारणावरील त्या ग्रंथात त्यांनी एकपक्षीय प्रदेशाची चिकित्सा केली आहे. तेथे सर्वजण डेमोक्रॅट होते, आणि म्हणूनच त्या नावाला काही अर्थ उरला नव्हता. लुइझियानात लाँग घराण्याचे समर्थक व विरोधक, व्हर्जिनियात बर्ड ह्यांची यंत्रणा, आणि अनेक राज्यांत आपल्या ओळखीच्या व शेजारच्या उमेदवाराला मते, असा तो व्यवहार होता. आमच्याकडील विद्यार्थी १९५५ चे की वाचतात आणि १९४९ चे वाचत नाहीत. वास्तविक मराठवाड्याच्या अभ्यासकाने क्रम उलटा लावावयास हवा.

परंतु येथे एक मोठा भेद आहे, आणि माझ्या मते साऱ्या विवेचनाचे मर्म त्यात आहे. अमेरिकेत उमेदवार ठरविण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभापासून प्राथमिक निवडणुका रूढ झाल्या. दक्षिणेत कृष्णवर्णीयांना १९४४ पर्यंत अनेक राज्यांत त्यांतून वगळले गेले, हा त्या पद्धतीवरील कलंक विसरता येत नाही. तरीही गटांचा निवाडा मतपेटीतून होई. हरलेला गट पक्षातच राही, कारण पुढील प्राथमिक निवडणुकीत पुन्हा संधी असे. आपल्याकडे उमेदवारी पक्षश्रेष्ठी देतात. ज्याला उमेदवारी मिळाली नाही, त्याला निवाडा मागण्यास पक्षात जागा नाही. त्याला बाहेर पडूनच आपले बळ सिद्ध करावे लागते, आणि बाहेर पडणे म्हणजे दुसरे नाव धारण करणे. म्हणून तेथे जे भांडण एका नावाखाली मिटले असते, ते येथे दोन नावांचे भांडण होऊन बसते. आपल्या पक्षेतिहासात दिसणारी नावांची गर्दी ही मुख्यतः मतदारांच्या चंचलतेची खूण नसून उमेदवारी देण्याच्या रीतीचे फळ आहे.

४

धाराशिव जिल्ह्यातील एक उदाहरण पाहू. डॉ. पद्मसिंह पाटील १९७८ पासून २००४ पर्यंत उस्मानाबाद विधानसभा मतदारसंघातून लागोपाठ सात वेळा निवडून आले. ह्या काळात ते प्रथम काँग्रेसचे होते. शरद पवारांनी जुलै १९७८ मध्ये पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार बनविल्यानंतर ते पवारांच्या काँग्रेसमध्ये गेले. १९८६ मध्ये तो पक्ष मूळ काँग्रेसमध्ये विलीन झाल्यावर पुन्हा काँग्रेसचे झाले. आणि जून १९९९ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन झाल्यावर त्या पक्षाचे. केवळ पक्षनामांची नोंद पाहणारा अभ्यासक म्हणेल की, ह्या मतदारसंघाने तीन-चार वेळा आपली निष्ठा बदलली. प्रत्यक्षात मतदारांनी एकाच व्यक्तीस सात वेळा मत दिले. येथे पालट झाला तो नावाचा.

ह्याच्या उलट प्रकारही आहे. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत राणाजगजितसिंह पाटील हे राष्ट्रवादीचे उमेदवार म्हणून शिवसेनेच्या ओमराजे निंबाळकर ह्यांच्याकडून पराभूत झाले. त्याच वर्षी ते भारतीय जनता पक्षात गेले आणि ऑक्टोबरच्या विधानसभा निवडणुकीत तुळजापुरातून निवडून आले. ज्या मधुकरराव चव्हाणांचा त्यांनी पराभव केला, ते १९९९ पासून चार निवडणुका त्या मतदारसंघातून काँग्रेसतर्फे सलग जिंकत आले होते. २०२४ मध्ये लोकसभेसाठी त्यांच्या पत्नी अर्चना पाटील ह्यांना राष्ट्रवादीने उमेदवारी दिली. म्हणजे पती भाजपचे आमदार आणि पत्नी राष्ट्रवादीच्या उमेदवार. समोर पुन्हा ओमराजे निंबाळकर होते. पण त्यांचे २०१९ चे धनुष्यबाण आता त्यांच्याकडे नव्हते, मशाल होती. पाटील कुटुंबाकडे मात्र २०१९ चेच घड्याळ परत आले होते.

ह्या घड्याळाचा अर्थ काय? २०१९ मध्ये त्या चिन्हाचा अर्थ 'काँग्रेसच्या आघाडीतील, भाजपच्या विरोधातील' असा होता. २०२४ मध्ये 'भाजपच्या महायुतीतील' असा. सोस्यूर ह्या भाषाशास्त्रज्ञाने चिन्हाचे मूल्य त्याच्या रूपात नसून व्यवस्थेतील इतर चिन्हांशी असलेल्या संबंधात असते, असे सांगितले आणि बुद्धिबळाचा दाखला दिला. घोडा हरवला तर त्याच्या जागी दुसरी कोणतीही वस्तू ठेवता येते, कारण मूल्य घराचे व चालीचे असते. पक्षचिन्हाच्या बाबतीत हे शब्दशः खरे आहे. घड्याळ तेच राहिले. पटावरील स्थान बदलले. उमेदवारांचे कुटुंब व गट पूर्वीचेच राहिले; त्यांच्या आघाड्या बदलल्या. ह्या प्रकारास नावाचा पालट म्हणता येत नाही. हा जोडीचा पालट आहे.

येथे कायद्याचाही भाग आहे. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले, त्यात विधिमंडळ पक्षाच्या एकतृतीयांश सदस्यांची फूट मान्य होती. २००३ च्या एक्याण्णवाव्या दुरुस्तीने ती तरतूद काढून टाकली. त्यामुळे वेगळे होणाऱ्या गटास 'आम्ही नवा पक्ष' असे म्हणणे धोक्याचे झाले आणि 'आम्हीच मूळ पक्ष' असे म्हणणे सोयीचे. १९९९ मध्ये बाहेर पडणाऱ्यांनी नवे नाव घेतले. २०२२ व २०२३ मध्ये बाहेर पडणाऱ्यांनी जुन्या नावावर हक्क सांगितला. निवडणूक आयोगाने १९६८ च्या चिन्ह आदेशाच्या आधारे फेब्रुवारी २०२३ मध्ये शिवसेनेचे व फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रवादीचे नाव आणि चिन्ह अनुक्रमे एकनाथ शिंदे व अजित पवार ह्यांच्या पक्षांस दिले. विशेषनामाचा नामी कोण, हा प्रश्न एरवी समाजाचा व्यवहार ठरवितो. येथे तो आदेशाने ठरला.

५

लोकांच्या भाषेने मात्र ह्या घडामोडींची स्वतःची नोंद ठेवली आहे, आणि ती अभ्यासकांच्या नोंदीहून पुष्कळदा अधिक अचूक आहे. 'पक्ष' ह्या शब्दाचा मूळ अर्थ पंख अथवा बाजू असा आहे. वरपक्ष व वधूपक्ष, पूर्वपक्ष व उत्तरपक्ष ह्या प्रयोगांत तो अजून टिकून आहे. बाजू नेहमी कशाच्या तरी दोहोंपैकी एक असते. गावपातळीवर आपण 'गावात दोन फळ्या आहेत' किंवा 'तट पडले' असे म्हणतो, आणि त्या फळ्यांना पक्षाचे नाव न देता घराचे वा माणसाचे नाव देतो.

पक्षनामांचे व्याकरणही पाहावे. विशेषनामास अनेकवचन नसते. तरीही 'दोन्ही काँग्रेस' हा प्रयोग १९९९ नंतर मराठीत सर्रास झाला, आणि २०२३ नंतर 'दोन्ही राष्ट्रवादी' व 'दोन्ही शिवसेना' हे प्रयोग रूढ झाले. विशेषनाम अनेकवचनी झाले, म्हणजे ते सामान्यनाम बनले. मग नेमका निर्देश करण्यासाठी व्यक्तीचे नाव जोडावे लागते : इंदिरा काँग्रेस, अर्स काँग्रेस, ठाकरे गट, शिंदे गट. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाच्या बाबतीतही खोब्रागडे गट, गवई गट, आठवले गट अशी परंपरा आहे. अमेरिकन रिपब्लिकन पक्षाविषयी मराठीत लिहिताना ह्या नामसाम्याने होणारा घोटाळा अध्यापकांच्या परिचयाचा आहेच. ज्या भाषेत पक्षनामाशी व्यक्तिनाम जोडल्याविना निर्देश होत नाही, त्या भाषेच्या समाजात निष्ठेचे केंद्र कोठे आहे, हे वेगळे सांगावयास नको.

क्रियापदांचा साक्षीपुरावा तर याहून सूक्ष्म आहे. मराठीत 'फुटणे' आणि 'फोडणे' अशी जोडी आहे. 'पक्ष फुटला' असे म्हणणारा कर्त्याचा उल्लेख टाळतो. 'पक्ष फोडला' असे म्हणणारा कर्त्याकडे बोट दाखवितो. २०२२ पासून एक बाजू सातत्याने सकर्मक क्रियापद वापरीत आली, आणि दुसऱ्या बाजूने ह्या जोडीतील एकही क्रियापद न स्वीकारता 'उठाव' हे नाम पसंत केले. तिसरीकडे 'गद्दारी' हा शब्द सभांतून दुमदुमला. ह्यांपैकी कोणताही शब्द उचलला की अभ्यासक एका बाजूला उभा राहतो. 'फेरजुळणी' हा शब्द निःपक्ष वाटतो खरा, पण तो कर्ताही झाकतो व कर्मही; जुळवणारा कोण आणि जुळले काय, हे त्यातून कळत नाही. त्याची लोकप्रियता कदाचित ह्यामुळेच असावी.

६

येथवरच्या विवेचनावरून कोणी असा आक्षेप घेईल की, मराठवाड्यात मतदार कधी बदलतच नाही, सारे काही पुढाऱ्यांचा खेळ आहे, असे आम्ही सुचवीत आहोत. हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याचे उत्तर पुराव्यानेच दिले पाहिजे.

१९९६ मध्ये उस्मानाबाद लोकसभा मतदारसंघात शिवसेनेचे शिवाजी कांबळे निवडून आले आणि चव्वेचाळीस वर्षांची परंपरा तुटली. शिवसेना ही काँग्रेसच्या एखाद्या गटाने घेतलेले नवे नाव नव्हे. ती मुंबईत जन्मलेली, येथे बाहेरून आलेली संघटना होती. १९८८ च्या औरंगाबाद महानगरपालिकेच्या निवडणुकीत तिने आपले बळ दाखविले आणि पुढील काही वर्षांत ती मराठवाड्याच्या खेड्यांत पोहोचली. १९९५ मध्ये शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले. ह्यामागे एका नावाचा लढा होता, ह्याचे विस्मरण होऊ नये. मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव जुलै १९७८ मध्ये विधिमंडळाने केला. त्यानंतर दलित वस्त्यांवर हल्ले झाले. आणि सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ रोजी, नामविस्तार झाला. शिवसेनेने नामांतरास विरोध केला होता. ज्या प्रदेशात 'नामांतर' ह्या शब्दामागे जळालेली घरे आहेत, तेथे पक्षांच्या नावबदलास तोच शब्द लावणे औचित्याचे नाही. म्हणून ह्या लेखात तो टाळला आहे.

अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने दक्षिणेतील गोऱ्या मतदारास हलविले, आणि येथे समतेच्या एका प्रतीकावरून निर्माण झालेल्या दुराव्याने खेड्यांतील काही वर्गांस हलविले, हे साम्य विचार करण्याजोगे आहे. अर्थात १९९० चा मंडल निर्णय, अयोध्येचे आंदोलन व काँग्रेसमधील जुन्या नेतृत्वाविषयीची नाराजी ही कारणेही होती. कारणांचे प्रमाण काही असो, येथे मतदाराने गटाची मर्यादा ओलांडली. १९९६ पासून २०२४ पर्यंतच्या आठ लोकसभा निवडणुकांपैकी सहा निवडणुकांत ह्या मतदारसंघात शिवसेना ह्या नावाचा, वा त्या नावावर हक्क सांगणाऱ्या पक्षाचा, उमेदवार विजयी झाला. टिकाऊपणाची प्रा. की ह्यांची कसोटी येथे पुष्कळ अंशी उतरते. हा मतांचा पालट होय.

तरीही सावधगिरी हवी. १९९८ मध्ये काँग्रेसने रिपब्लिकन गटांशी समझोता केला आणि ही जागा परत घेतली. १९९९ मध्ये दोन्ही काँग्रेस राज्यभर वेगवेगळ्या लढल्या आणि जागा पुन्हा शिवसेनेकडे गेली. दीड-दोन वर्षांत मतदारांचे मन दोनदा पालटले असे मानण्यापेक्षा जोड्या दोनदा पालटल्या असे मानणे अधिक सयुक्तिक आहे. जागा कोणाकडे गेली एवढ्यावरून मत कोणाकडे गेले, हे ठरत नाही.

२०२४ साल हे ह्या तिन्ही प्रकारांचे एकत्रित उदाहरण आहे. मे महिन्यात मतदान झाले तेव्हा अंतरवाली सराटी येथून २०२३ मध्ये सुरू झालेले मराठा आरक्षणाचे आंदोलन ताजे होते. मराठवाड्यातील आठ लोकसभा जागांपैकी भाजपला एकही मिळाली नाही, आणि ओमराजे निंबाळकर तीन लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून आले. आयोगाने दिलेले नाव व चिन्ह ज्यांच्याकडे नव्हते, त्यांना हे मताधिक्य मिळाले, ही गोष्ट लक्षणीय आहे. नामीचा निर्णय लोकांनी आपल्या परीने वेगळा केला. परंतु सहा महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, राज्यात महायुतीचा प्रचंड विजय झाला. जिल्ह्याच्या चार जागांपैकी उस्मानाबाद व उमरगा उद्धव ठाकरे ह्यांच्या शिवसेनेने, परंडा एकनाथ शिंदे ह्यांच्या शिवसेनेने आणि तुळजापूर भाजपने जिंकले. मे महिन्यातील निकालास ज्यांनी 'निर्णायक' म्हटले, त्यांना नोव्हेंबरमध्ये उत्तर मिळाले. आणि नोव्हेंबरच्या निकालास जे तसे म्हणतात, त्यांनीही अनेक निवडणुका थांबले पाहिजे.

७

सारांशाने, 'फेरजुळणी' ह्या एका शब्दाखाली आपण तीन भिन्न घटना कोंबतो. माणसे व मते तीच, पण पक्षनाम बदलले, तर तो नावपालट. नावे तीच, पण त्यांच्या परस्परसंबंधांत फरक पडला, तर तो जोडपालट. आणि उमेदवार व आघाड्या ह्यांचा हिशेब वजा करूनही मतदारांच्या फळ्या बदललेल्या आढळल्या, तर तो मतपालट. 'खांदेपालट' ह्या रूढ शब्दाच्या धर्तीवरील ही शब्दयोजना अभ्यासकांनी तपासून पाहावी. प्रा. की ह्यांची उपपत्ती केवळ तिसऱ्या प्रकारास लागू होते. पहिल्या दोहोंस ती लावणे म्हणजे पुढाऱ्यांच्या निर्णयाचे श्रेय वा दूषण मतदारांच्या माथी मारणे होय.

हा केवळ परिभाषेचा वाद नाही. १९४९ च्या ग्रंथात प्रा. की ह्यांनी गटबाजीच्या राजकारणाचा जो परिणाम सांगितला तो असा की, जेथे गट अस्थिर व निनावी असतात तेथे कारभाराची जबाबदारी कोणावर टाकावी हे मतदारास कळत नाही, आणि अशा अव्यवस्थेत ज्यांच्यापाशी काही नाही त्यांचेच अंतिमतः नुकसान होते. धाराशिव जिल्ह्यास हे विधान किती लागू पडते, ते पाहावे. विभागीय अनुशेषाविषयी दांडेकर समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. २०२० मध्ये त्यांची मुदत संपली. २०१८ मध्ये केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत, म्हणजे सौम्य शब्दांत मागासलेल्या जिल्ह्यांत, महाराष्ट्रातील जे चार जिल्हे आले त्यांत हा एक होता. ह्या साऱ्या काळात प्रत्येक प्रमुख पक्ष केव्हा ना केव्हा सत्तेत होता आणि प्रत्येकाने अनुशेष दूर करण्याचे वचन दिले. नाव बदलले की जुन्या नावाचे वचन कोणाकडे मागावे? नावपालटाचा खरा लाभ बहुधा हाच असतो की, त्याबरोबर मागील हिशेबही बदलतो. अभ्यासकाने त्या नव्या नावास 'नवे पर्व' म्हटले, की हिशेब चुकविण्यास त्याचा हातभार लागतो.

म्हणून आपल्या विभागातील संशोधक विद्यार्थ्यांसाठी एक मर्यादित काम सुचवावेसे वाटते. प्रा. की ह्यांनी सॉमरव्हिल व अ‍ॅशफील्ड ह्या दोन गावांची निवडणूकवार कोष्टके मांडून आपले म्हणणे सिद्ध केले. २००४ पासून मतदान यंत्रांमुळे आपल्याकडेही मतदान केंद्रांनुसार मतांची नोंद होते, आणि नमुना २० मध्ये ती मिळू शकते. २००८ च्या पुनर्रचनेने मतदारसंघांच्या सीमा बदलल्या असल्या, तरी जळकोट, नळदुर्ग, अणदूर ही गावे जागच्या जागी आहेत. एकेका गावाच्या प्रत्येक निवडणुकीच्या रकान्यात पक्षाचे नाव, उमेदवाराचे नाव, आघाडी आणि मते अशा चार नोंदी शेजारी शेजारी मांडाव्यात. पक्षनामाचा रकाना प्रथम झाकून वाचावा व मग उघडून वाचावा. दोन्ही वाचनांत जो फरक पडेल, तेवढीच आपली 'फेरजुळणी' होय. हे काम कष्टाचे आहे. पण ते होईपर्यंत मराठवाड्याच्या मतदाराने अमुक वर्षी कूस बदलली, असे लिहिण्याचा अधिकार आपणांस पोहोचत नाही.